‘फ्री शिपिंग’ आलं कुठून? परदेशातून स्वस्तात येणाऱ्या पार्सलची पार्श्वभूमी

परदेशातल्या सेलरकडून मागवलेली एखादी छोटीशी वस्तू, मोबाईलचं कव्हर म्हणा, चार्जिंगची केबल म्हणा, इतक्या कमी पैशात दारापर्यंत येते तरी कशी, हा प्रश्न अशी खरेदी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पडतो. बहुतेकांचं उत्तर तयार असतं, चीनमध्ये मजुरी स्वस्त आहे. हे अर्धंच खरं आहे. मजुरीमुळे वस्तू बनवायचा खर्च कमी होतो, पोचवायचा नाही, कारण विमानतळावरून उतरलेलं पाकीट घेऊन घरोघरी जाणारा पोस्टमन हा घेणाऱ्याच्या देशातला असतो आणि त्याचा पगार त्याच देशातल्या मानाने असतो. मग त्या शेवटच्या टप्प्याचे पैसे कोण भरतं? स्वस्त शिपिंगचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो आणि तो इंटरनेटच्या कितीतरी आधी, दीडशे वर्षांपूर्वी सुरू होतो.

त्या काळात परदेशात पत्र पाठवणं हा मोठा व्याप होता. प्रत्येक दोन देशांचा आपापसातला वेगळा करार, पत्र कुठल्या मार्गाने जाणार त्याप्रमाणे दर वेगळा, मधे तिसरा देश लागला तर त्याचा वाटा आणखी वेगळा, म्हणजे त्याच गावाला त्याच वजनाचं पत्र दोन मार्गांनी पाठवलं तर दोन दर लागायचे. अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल माँटगोमेरी ब्लेअर यांच्या पुढाकाराने १८६३ मध्ये पॅरिसला परिषद भरली, चर्चा बरीच झाली पण सगळ्यांना बांधणारा करार काही झाला नाही. पुढे जर्मन टपाल खात्याच्या हाइनरिश फॉन श्टेफान यांनी ते काम नेटाने पुढे नेलं आणि ९ ऑक्टोबर १८७४ ला स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांचा करार झाला. त्यातून जी संघटना उभी राहिली तिला १८७८ पासून युनिव्हर्सल पोस्टल युनियन म्हणतात, थोडक्यात यूपीयू.

या करारातलं मुख्य तत्त्व असं की टपालापुरते सगळे सभासद देश मिळून एकच प्रदेश मानायचा. पत्र पाठवणारा देश तिकिटाचे पैसे स्वतःकडे ठेवणार आणि ज्या देशात पत्र पोचतं तो देश ते वाटण्याचे काहीच पैसे घेणार नाही. यामागे गृहीत असं धरलं होतं की प्रत्येक पत्राला उत्तर जातंच, त्यामुळे जाणारी-येणारी पत्रं साधारण सारखीच असणार आणि हिशोब आपोआप फिटणार. मला हा करार माणसांनी एकत्र येऊन केलेल्या सगळ्यात सुंदर कामांपैकी एक वाटतो, एकमेकांशी युद्धं करणाऱ्या देशांनी निदान एकमेकांची पत्रं तरी फुकट वाटायची ठरवली. पण आजच्या फ्री शिपिंगचं बीज पण इथेच आहे, आलेलं टपाल ज्याने त्याने आपल्या देशात वाटायचं आणि त्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा.

जवळपास ९५ वर्षं हे असंच चाललं. अडचण अशी की पत्राला उत्तर येतं, मासिकाला येत नाही, कॅटलॉगला पण येत नाही. काही देशांतून छापील मजकूर मोठ्या प्रमाणात बाहेर जायला लागला आणि घेणाऱ्या देशांवर नुसता वाटपाचा बोजा पडायला लागला. शेवटी १९६९ च्या टोकियो काँग्रेसमध्ये, म्हणजे यूपीयूच्या सगळ्या सभासद देशांच्या परिषदेत, ठरलं की ज्याच्याकडून टपाल जास्त येतं त्याने जास्तीच्या वजनामागे घेणाऱ्या देशाला काही रक्कम द्यायची. यालाच टर्मिनल ड्यूज म्हणतात. पण नुसत्या वजनावर मोजायचं तर एक किलोचा मासिकांचा गठ्ठा आणि एक किलोची सुटी पत्रं यांचे पैसे सारखेच, जरी गठ्ठा एकाच दारात पडणार असला आणि पत्रं पन्नास दारांत न्यावी लागणार असली तरी. म्हणून हे सूत्र पुढे प्रत्येक काँग्रेसमध्ये बदलत गेलं, नगावर आणि वजनावर असं दोन्ही मिळून मोजायला लागले, आणि देशांचे गट पाडले गेले, श्रीमंत देशांनी जास्त द्यायचं, विकसनशील देशांनी कमी.

या गटांच्या मागे हेतू चांगला होता. गरीब देशातल्या माणसाला परदेशात पत्र पाठवणं परवडलं पाहिजे, तिथल्या टपाल खात्यावर श्रीमंत देशातल्या पोस्टमनच्या पगाराचा भार नको, यात चुकीचं काहीच नव्हतं आणि आजही नाही. फक्त दोन गोष्टी नियम लिहिणाऱ्यांच्या हिशोबात नव्हत्या. एक म्हणजे हे दर फक्त पत्रांना नव्हते, दोन किलोपर्यंतचं वस्तूंचं छोटं पाकीटसुद्धा याच लेटर पोस्टमध्ये मोजलं जायचं, पार्सलच्या महागड्या दरात नाही. आणि दुसरं म्हणजे स्वस्त दराच्या गटात बसलेला एक देश, चीन, बघता बघता जगाचा कारखाना होणार होता.

तो कारखाना झाला त्यात कंटेनरचा वाटा मोठा. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेतले वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्युस्टनला निघालं, तेव्हापासून बंदरावर माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च इतका घसरला की वस्तू कुठे बनते याला फारसं महत्त्व राहिलं नाही. पण कंटेनर हे ठोक मालाचं साधन आहे. एका माणसाची एक केबल त्यात जात नाही, तिला दुसरी वाट लागते.

ती वाट हवेतून तयार झाली, आणि कागदपत्रांमुळे तयार झाली. जहाज बंदरात यायचं पण त्याची कागदपत्रं उशिरा यायची, तोपर्यंत माल तसाच अडकून पडायचा. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सुरू झालेल्या डीएचएल या कुरिअर कंपनीने ही कागदपत्रं विमानाने आधीच होनोलुलूला न्यायला सुरुवात केली, म्हणजे जहाज पोचेपर्यंत कस्टम्सचं काम उरकलेलं असेल. चार वर्षांनी, १९७३ च्या एप्रिलमध्ये, फेडएक्स या दुसऱ्या कुरिअर कंपनीने अमेरिकेतल्या मेम्फिस विमानतळावरून काम सुरू केलं, रात्री सगळी पाकिटं एका ठिकाणी आणायची, तिथे वेगळी करायची आणि पहाटेच्या आत परत उडवायची. पहिल्या रात्री १४ छोटी विमानं, २५ शहरं आणि फक्त १८६ पाकिटं होती. आज आपण ज्याला फास्ट डिलिव्हरी म्हणतो तिच्या मुळाशी या दोन कल्पना आहेत, सगळं एका हबवर आणणं आणि मालाच्या आधी माहिती पोचवणं. फक्त ही सेवा महाग होती, कंपन्यांची कागदपत्रं आणि तातडीचे सुटे भाग यांनाच परवडणारी.

म्हणजे विसाव्या शतकाच्या शेवटी एका बाजूला महाग पण वेगवान कुरिअर होतं आणि दुसऱ्या बाजूला स्वस्त पण संथ पोस्ट. ऑनलाईन बाजाराने दोन्हींना जवळ आणलं. १९९५ च्या ईबे या वेबसाइटने दाखवलं की अनोळखी माणसं लांबून एकमेकांना वस्तू विकू शकतात. मग विश्वासाची अडचण होती, पैसे आधी द्यायचे की माल आधी, त्यावर चीनमधल्या अलिपेसारख्या ऑनलाईन पैसे देण्याच्या सेवांनी घेणाऱ्याला माल मिळेपर्यंत पैसे मधे धरून ठेवायची पद्धत रुळवली. २०१० मध्ये अलीएक्सप्रेस हा चिनी ऑनलाईन बाजार आला आणि चीनमधल्या शेन्झेन, यीवू, ग्वांगझू या शहरांतले छोटे विक्रेते थेट परदेशातल्या गिऱ्हाइकाला विकायला लागले. चायना पोस्टने नेलेलं पाकीट, विमानात उरलेली जागा, आणि पलीकडे पोचल्यावर टर्मिनल ड्यूजचा स्वस्त दर, असा सगळा जोड जमला. फ्री शिपिंग लिहिणाऱ्या विक्रेत्याला ती थोडीशी रक्कम वस्तूच्या किमतीत बसवता यायची.

तरी सुरुवातीला महिना-दीड महिना वाट बघावी लागायची आणि पाकीट कुठे आहे ते कळायचं नाही. २०११ च्या सुमारास अमेरिकेच्या टपाल खात्याने चायना पोस्ट आणि हाँगकाँग पोस्टबरोबर ईपॅकेट नावाची सेवा सुरू केली, दोन किलोपर्यंतचं हलकं पाकीट, ट्रॅकिंगसकट आणि नेहमीच्या छोट्या पाकिटापेक्षा लवकर. पाकिटावरचा तो १३ अक्षर-अंकांचा नंबर, पुढे दोन अक्षरं, मधे नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं, हे यूपीयूचंच एस१० नावाचं स्टँडर्ड आहे, त्यामुळे तोच नंबर दोन्ही देशांच्या पोस्टात चालतो. ईपॅकेटने गिऱ्हाइकाचं भलं झालं यात शंका नाही. पण शेन्झेनहून अमेरिकेतल्या गावात पाकीट पाठवणं हे अमेरिकेतल्याच शेजारच्या राज्यातून पाठवण्यापेक्षा स्वस्त पडायला लागलं. अमेरिकी टपाल खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१४ मध्येच दाखवून दिलं होतं की चीनहून येणाऱ्या या पाकिटांवर खात्याला तोटा होतोय. तिथला छोटा दुकानदार स्वतःच्या देशात पूर्ण दराने पाकीट पाठवत होता आणि शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या पाकिटाच्या वाटपाचा तोटा सोसणारं टपाल खातं पण त्याच्याच देशाचं होतं, त्याचा राग मला पूर्ण पटतो.

हा टपालाचा भाग झाला. दुसरा भाग कस्टम्सचा आणि माझ्या मते तो जास्त परिणाम करणारा ठरला. फार कमी किमतीच्या वस्तूवर ड्युटी वसूल करायला जेवढा खर्च येतो तेवढी ड्युटीच मिळत नाही, म्हणून अशा वस्तू तशाच सोडून द्यायच्या, याला डी मिनिमिस म्हणतात. अमेरिकेत हे १९३८ मध्ये कायद्यात आलं तेव्हा मर्यादा एक डॉलर होती. १९७८ मध्ये पाच, १९९३ मध्ये दोनशे आणि २०१६ च्या मार्चपासून एकदम आठशे डॉलर. कारकुनी वाचवायला केलेली ही सवलत एक पूर्ण व्यापार चालवण्याइतकी मोठी झाली. २०१५ च्या आर्थिक वर्षात अशी साधारण १३ कोटी ९० लाख पाकिटं अमेरिकेत आली, २०२४ मध्ये १३६ कोटी.

याची रंगीत तालीम ब्रिटनमध्ये आधीच होऊन गेली होती. तिथे १८ पौंडापर्यंतच्या आयात मालाला व्हॅट माफ होता आणि जर्सी, गर्न्सी ही बेटं व्हॅटच्या हद्दीबाहेर. मग सीडी आणि डीव्हीडी विकणाऱ्या कंपन्यांनी तिथे गोदामं उघडली, बेटावरून पाकीट टाकायचं की व्हॅट नाही, आणि ब्रिटनमधली छोटी म्युझिकची दुकानं व्हॅट भरून त्यांच्याशी स्पर्धा करत राहिली. शेवटी १ एप्रिल २०१२ पासून त्या बेटांसाठी ही सूट बंद झाली, पण तोपर्यंत बरीच दुकानं मिटली होती. हे उदाहरण डोळ्यासमोर असून बाकीच्या देशांनी इतकी वर्षं घालवली याचं मला वाईट वाटतं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर जीएसटी लावला, युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची व्हॅट माफी काढली, १५० युरोपर्यंतची ड्युटी माफी मात्र तशीच ठेवली.

टपालाचा वाद फुटला २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये. अमेरिकेने जाहीर केलं की आम्ही यूपीयूमधून बाहेर पडतो, ज्या संघटनेचा पहिला विचार त्यांच्याच पोस्टमास्टर जनरलने मांडला होता तिच्यातूनच. वर्षभर वाटाघाटी झाल्या, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हाला खास काँग्रेस भरली आणि तोडगा निघाला की खूप टपाल येणाऱ्या देशांना वाटपाचे दर स्वतः जाहीर करता येतील, २०२० च्या जुलैपासून. अमेरिका राहिली. त्याच सुमारास कोविडमुळे प्रवासी विमानं बंद पडली, आणि जगातल्या एअर कार्गोचा मोठा हिस्सा तर प्रवासी विमानांच्या पोटातूनच जायचा, त्यामुळे स्वस्त पोस्टाचा तो जुना जोड दोन्हीकडून तुटला.

लोकांना वाटलं स्वस्त शिपिंग संपलं. झालं उलटंच. चीनमधून माल पाठवणाऱ्या दोन ऑनलाईन दुकानांनी, शीनने आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टेमूने, टपालाला बाजूला सारलं, अख्खी कार्गो विमानं भाड्याने घेतली, चीनमध्येच पाकिटं एकत्र करून पाठवायची आणि उतरल्यावर तिथल्या कुरिअरकडे द्यायची. २०२४ च्या सुरुवातीला कार्गो क्षेत्रातल्या एका सल्लागार संस्थेचा अंदाज होता की शीन रोज साधारण ५,००० टन आणि टेमू ४,००० टन माल विमानाने पाठवतंय. म्हणजे टर्मिनल ड्यूजचा स्वस्त दर गेला तरी चाललं, कारण डी मिनिमिस शाबूत होतं. युरोपात २०२४ मध्ये अशी सुमारे ४६० कोटी पाकिटं आली, दिवसाला सव्वा कोटीच्या आसपास, आणि एवढ्या ढिगाऱ्यात कुठलं खेळणं सुरक्षित, कुठल्या चार्जरला आग लागेल हे कस्टम्सने तपासायचं कसं, हा प्रश्न ड्युटीपेक्षा मोठा आहे असं मला वाटतं.

२ मे २०२५ पासून अमेरिकेने चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी डी मिनिमिसची ही सूट बंद केली, २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी. टपाल खात्यांना ड्युटी आधी गोळा करून भरायची व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे यूपीयूच्या सांगण्याप्रमाणे ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा काही प्रमाणात थांबवली आणि तिकडे जाणारं टपाल एका आठवड्यात ८१ टक्क्यांनी घटलं. मोठ्या कंपन्यांनी तोपर्यंत कंटेनरने माल आधीच नेऊन अमेरिकेतल्या गोदामात भरायला सुरुवात केली होती. ज्याला तेवढं भांडवल नाही, जो हाताने विणलेली शाल किंवा जुनं पुस्तक पोस्टाने पाठवून पोट भरतो, त्याच्याकडे असं गोदाम नव्हतं, आणि १८७४ पासून चालत आलेली ती स्वस्त वाट सगळ्यात जास्त लागत होती ती त्यालाच.