आवाज आरोपीचाच, हे ठरवायचं कोणी?

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात लाचेचा खटला उभा राहिला की रेकॉर्डिंगवरून वाद ठरलेलाच. सापळ्याआधी पडताळणी होते, तक्रारदाराजवळ व्हॉइस रेकॉर्डर दिला जातो, मागणीचं बोलणं टिपलं जातं. मग पंचांसमोर ते ऐकून ‘हा आवाज साहेबांचाच’ असं सांगतो कोण? बहुतेकदा तक्रारदारच.

टेपच्या पुराव्यावरचा गाजलेला निकालही लाचेच्याच प्रकरणातला. १९६४ मध्ये मुंबईच्या कोरोनरचं (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) फोनवरचं बोलणं टेप झालं आणि आर. एम. मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ते ग्राह्य धरलं. अटींपैकी दोन महत्त्वाच्या: आवाज ओळखता आला पाहिजे आणि टेपमध्ये फेरफार नसल्याची खात्री पटली पाहिजे. दुसऱ्या अटीवर पुढे भरपूर खल झाला. सीलबंद कॅसेट, मग इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी ‘६५ब’ कलमाचं प्रमाणपत्र, आता हॅश, म्हणजे फाइलची डिजिटल खूण. पहिली अट मात्र मागे पडली, असं माझं मत.

खरं तर धोका जुनाच माहीत होता. १९३७ मध्ये फ्रान्सिस मॅकगेही यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगात एकदाच ऐकलेला अनोळखी आवाज दुसऱ्या दिवशी ८३ टक्के लोकांनी ओळखला. पाच महिन्यांनी फक्त १३ टक्क्यांनी. १९६२ मध्ये बेल लॅब्जच्या लॉरेन्स कर्स्टा यांनी ‘व्हॉइसप्रिंट’ (आवाजाचा आलेख) बोटांच्या ठशांइतकी पक्की असल्याचा दावा केला. तो टिकला नाही. ठसा बदलत नाही. सर्दी, घाबरगुंडी, फोनची लाइन यांनी आवाज बदलतो. शिवाय जांभळी नाक्यावरच्या गोंगाटात टिपलेलं बोलणं आणि शांत खोलीत घेतलेला नमुना यांची तुलना करायची, म्हणजे तज्ज्ञाचीही परीक्षाच.

आपल्याकडे वाद अडकला तो आरोपीच्या आवाजाचा नमुना घ्यावा की नाही यावर. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. रंजना देसाई आणि न्या. आफताब आलम यांची मतं जुळली नाहीत. २०१९ मध्ये तीन न्यायमूर्तींनी दंडाधिकाऱ्यांना नमुन्याचा आदेश देण्याची मुभा दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ३४९ मध्ये ती आलीच. त्याआधीच, २०११ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की चेहऱ्याच्या ओळख परेडला घेतात तशी खबरदारी आवाजालाही हवी. कलम ३४९ त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

त्यातच डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाने ठरवलं की तक्रारदार फितूर झाला तरी लाचेची मागणी इतर पुराव्यांवरून सिद्ध होऊ शकते. म्हणजे रेकॉर्डिंगचं वजन वाढलं, आणि ते ओळखणारा नेहमीचा साक्षीदारच उलटलेला.