कॅम्पस सेंटरची यादी पाठवण्याआधी एरियाचं गणित बघून घ्या

नवीन कॅम्पस सेंटरसाठी, म्हणजे हॉल, कॅफे, क्लबच्या खोल्या एकत्र असलेल्या मुलांच्या इमारतीसाठी, आम्हा आर्किटेक्टांना निवासी कॉलेजांचे फोन येतात त्यात पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "थ्रीडी कधी दाखवता?" ट्रस्टींसमोर काहीतरी ठेवायला हवं असतं हे आम्हाला कळतं, पण आम्ही थ्रीडी, म्हणजे इमारत कशी दिसेल त्याची चित्रं, सुरुवातीला देत नाही आणि का देत नाही ते इथे एकदा नीट लिहून ठेवतोय.

होतं काय, की बांधकाम समिती सगळ्यांच्या मागण्या गोळा करते. हॉल, कॅफे, क्लबच्या खोल्या, म्युझिक रूम, पार्सल काउंटर, रेक्टरांचं ऑफिस, प्रत्येकापुढे स्क्वेअर फूट, आणि खाली बेरीज, समजा २०,०००. हाच आकडा बजेटला जातो आणि मंजूर होऊन येतो. पण ही बेरीज खोल्यांच्या आतल्या जागेची आहे, इमारतीची नाही! भिंतींची जाडी, पॅसेज, जिने, लिफ्ट, टॉयलेट, डक्ट, इलेक्ट्रिकल रूम यातलं काहीच तिच्यात नसतं. कॅम्पस सेंटरमध्ये तर लेक्चर सुटलं की एकदम गर्दी आत येते, त्यामुळे लॉबी आणि जिने रुंद ठेवावेच लागतात, आणि एकूण बांधकामातली साधारण ६० ते ६५ टक्केच जागा यादीतल्या खोल्यांना मिळते. म्हणजे २०,००० च्या यादीला ३१ ते ३३ हजार स्क्वेअर फूट बांधावे लागतात. मंजुरी २० ची, गरज ३१ ची, आणि हे कळतं प्लॅन काढायला घेतल्यावर.

मग परत समिती, परत मीटिंगा, आणि शेवटी काटछाट. काटछाटीत सगळ्यात आधी काय जातं माहितीये? लॉबीतली, खिडकीजवळची मोकळी बसायची जागा. कारण ती कुठल्याच डिपार्टमेंटची नसते, तिच्यासाठी भांडायला कोणी नसतं. आणि मुलं हॉस्टेलच्या खोलीतून बाहेर येऊन टेकतात ती नेमकी तिथेच, ती गेली की उरते ती ऑफिसं आणि हॉल असलेली एक बिल्डिंग. आम्हाला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून या मुद्द्यावर आम्ही हटून बसतो.

हॉलचंही तसंच. "३०० जणांचा हॉल" एवढंच लिहून पुरत नाही. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा असतील तर माणशी ७ स्क्वेअर फूट धरतात, टेबल-खुर्च्या मांडायच्या तर १५. म्हणजे तेच ३०० जण एकदा २,१०० मध्ये बसतात आणि एकदा ४,५०० लागतात, स्टेज वेगळं. शिवाय त्या खुर्च्या एरवी ठेवायच्या कुठे? खुर्च्यांच्या स्टोअरची खोली यादीत बहुतेक नसतेच, मग त्या पॅसेजमध्ये रचल्या जातात.

म्हणून आम्ही खोल्यांच्या यादीऐवजी आधी तासांचा तक्ता मागतो: कुठल्या वेळेला कोण, किती जण, काय करणार. डान्सची प्रॅक्टिस संध्याकाळी आणि मीटिंगा दुपारी असतील तर दोन खोल्यांचं काम एकीत होतं आणि यादी आपोआप खाली येते. रात्री उशिरापर्यंत काय उघडं राहणार हेही यातूनच कळतं. त्या भागाला स्वतःचं दार, स्वतःचं टॉयलेट आणि वेगळा एसी झोन लागतो, नाहीतर चार मुलं अभ्यासाला बसली म्हणून रात्रभर अख्खी इमारत चालू ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट पायवाटांची. शिकागोतल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आर्किटेक्ट रेम कूल्हास यांच्या ओएमए फर्मने केलेलं कॅम्पस सेंटर २००३ मध्ये उघडलं. एका बाजूला हॉस्टेलं, दुसऱ्या बाजूला वर्ग, मधे उंचावरून जाणारी रेल्वे. मुलं ती जागा कुठून कुठून ओलांडतात ते त्यांनी आधी टिपून घेतलं आणि त्याच तिरक्या वाटा इमारतीच्या आतले रस्ते केले, वरच्या रुळांना आवाज अडवायला काँक्रीट आणि स्टीलची मोठी नळी घातली. तेवढा खर्च सगळ्यांना जमणार नाही, पण मुलं कुठून चालतात ते बघायला काहीच खर्च येत नाही. सेंटर हॉस्टेल आणि वर्ग यांच्या वाटेवर असेल तर भरतं, कोपऱ्यातल्या रिकाम्या प्लॉटवर बांधलं तर मुद्दाम कोणी तिकडे जात नाही.

या सगळ्या कामाची फी आम्ही वेगळी घेतो, त्यावर कधीकधी नाराजी होते. पण त्यातून जो रिपोर्ट निघतो तो तुमचाच, पुढचं ड्रॉइंग दुसऱ्या कोणाकडून करून घेतलंत तरी चालेल, आणि जुनी मेस किंवा लायब्ररीचा एखादा मजला दुरुस्त करून भागत असेल तर आम्ही तेही स्पष्ट सांगतो. बहुतेक जण पुढच्या कामालाही आमच्याकडेच येतात ते यामुळेच असं आम्हाला वाटतं.

तेव्हा पहिल्या मीटिंगला येताना हॉस्टेलची मुलांची संख्या, सध्याच्या हॉलचं बुकिंग रजिस्टर आणि कॅम्पसचा नकाशा एवढं आणा. बजेट अजून मंजुरीला गेलं नसेल तर फारच उत्तम, आणि जाणारच असेल तर पाठवण्याआधी आकडा आम्हाला दाखवा, कार्पेट (खोल्यांच्या आतली जागा) आहे का बिल्टअप (भिंती, पॅसेज, जिने धरून एकूण बांधकाम) एवढं आम्ही फोनवरच बघून सांगू, त्याचे पैसे घेत नाही.