पुसण्याआधी ओल नीट बघा

घरात शू न करण्याची सवय पक्की झालेला कुत्रा एखाद्या रात्री फरशी ओली करतो, तेव्हा फडकं शोधण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: ओल कुठे आहे आणि किती आहे. निम्मं निदान तिथेच होतं.

गादी भिजलेली, मागच्या पायांचे केस ओले आणि कुत्र्याला मात्र पत्ताच नाही, अशी स्थिती असेल तर ती झोपेतली गळती. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये, त्यातही मोठ्या जातींच्या, ती जास्त आढळते. इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू सैल पडतो. जागेपणी निभावतं, गाढ झोपेत निभत नाही. अशा कुत्रीला ओरडणं हा निव्वळ अन्याय आहे. फेनिलप्रोपॅनोलामीन या औषधाने बहुतेकींची गळती आटोक्यात येते, पण त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून ते पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच द्यायचं.

दाराजवळ मोठं तळं असेल तर कुत्रा उठला होता, बाहेर जायला निघाला होता, मूत्राशय मात्र तोवर थांबलं नाही. मग पाणी मोजा. सकाळी भांड्यात मापून भरा, 24 तासांनी उरलेलं वजा करा आणि असं तीन दिवस करा. बादली, कमोड झाकून ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिली पाणी पितो. हा आकडा 100च्या वर गेला, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) किंवा चालू असलेलं स्टिरॉइड यांपैकी काहीतरी असू शकतं. नसबंदी न झालेली मादी माजानंतरच्या दोन महिन्यांत अचानक खूप पाणी पिऊ लागली आणि मलूल दिसली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्रीचं पाणी बंद करणं हा उपाय नव्हे. मूत्रपिंड दुबळं असलेला कुत्रा त्याने सुकतो.

थेंब-थेंब, अनेक जागी आणि कुंथत केलेली शू संसर्ग किंवा खडा सुचवते.

कुत्रा तपासणीत ठणठणीत निघाला तर वेळापत्रक बदला. शेवटचं जेवण झोपण्याआधी तीन-चार तास. शेवटची फेरी दिवे मालवण्याच्या अगदी आधी, पट्टा बांधून, खेळ न करता. नर पहिल्या खांबापाशी थोडीच सोडतो, म्हणून दुसऱ्यांदा पाय वर करेपर्यंत थांबा. पिल्लाचं गणित वेगळं: वयाचे महिने अधिक एक, साधारण तेवढेच तास ते धरू शकतं.

सांडलेली शू घासू नका, कोरड्या कापडाने दाबून टिपा. नंतर एन्झाइमचं क्लीनर ओता, तेही शू जितकी खोल मुरली तितकं खोल जाईल एवढं. दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. आधी जंतुनाशक वापरलं तर एन्झाइम निकामी होतात. ब्लीच तर नकोच, कारण शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू तयार होतो. वास राहिला, की कुत्रा पुन्हा तीच जागा निवडतो. शिक्षा केल्यास तो तुमच्या नजरेआड, सोफ्यामागे शू करायला शिकतो.

तपासणीसाठी सकाळची पहिली शू स्वच्छ, कोरड्या डबीत धरा आणि दोन तासांत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. फरशीवरून उचललेला नमुना चालत नाही.