मादीचं गाणं: ‘गीत’ की ‘साद’?

लैंगिक निवडीचा विचार, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून काही गुण घडतात ही कल्पना, डार्विनने १८७१ मध्ये सविस्तर मांडला आणि पक्ष्यांचं गाणं नराच्या नावावर चढलं. पुढचं शतकभर अभ्यास झाला तो मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचा. तिथे बहुतेक वेळा गातो तो नरच, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. खरं तर अपवाद समोरच होता. युरोपियन रॉबिनचे नर-मादी दिसायला सारखे. हिवाळ्यात मादी स्वतःची वेगळी हद्द राखते आणि त्यासाठी गाते. गाणारा दिसला की ‘नर’ अशी नोंद करून मोकळं होणाऱ्याला हे कळणार कसं?

खरा घोळ शब्दाचा. ‘गीत’ म्हणजे विणीच्या हंगामात नराने काढलेला लांब, गुंतागुंतीचा आवाज. बाकी सगळी ‘साद’. ही व्याख्या वर्षानुवर्षं चालली. व्याख्येतच नर बसवल्यावर मादीच्या वाट्याला साद उरणार, हे उघड आहे. तीच सुरावट तिने काढली तर ती साद, नाहीतर हार्मोनचा बिघाड. बिघाडाच्या शंकेला थोडा आधार होता: टेस्टोस्टेरॉन हे नरांचं मुख्य हार्मोन दिलं की कॅनरीची मादी गाऊ लागते. १९७६ मध्ये कॅनरी आणि झेब्रा फिंचच्या नरांच्या मेंदूतली गाण्याची केंद्रं माद्यांपेक्षा कितीतरी मोठी असल्याचं दिसलं. निरीक्षण चोख, पण जाती दोनच. निष्कर्ष मात्र सरसकट सगळ्यांना लावला गेला. नर-मादी जोडीने गाणाऱ्या रेन या छोट्या पक्ष्याच्या एका उष्णकटिबंधीय जातीत हा फरक जवळजवळ नाहीच, हे पुढे कळलं तेव्हा साचा पक्का झाला होता.

२०१४ मध्ये ३२३ जातींची माहिती एकत्र केली, तर ७१ टक्के जातींत मादी गात होती. गायक पक्ष्यांच्या आद्य पूर्वजात नर-मादी दोघेही गात असावेत, असाही निष्कर्ष निघाला. म्हणजे प्रश्नच उलटा झाला: मादी का गाते हा नव्हे, काही कुळांत तिचं गाणं का थांबलं हा.

गाण्याचा उपयोग एकच नाही. हद्द राखणं आणि इतर माद्यांना दूर ठेवणं ही कारणं सर्वाधिक आढळतात. अल्पाइन अ‍ॅक्सेंटरची मादी नरांना बोलावण्यासाठी गाते. लाल खांद्याच्या ब्लॅकबर्डच्या मादीची दोन गाणी आहेत: एक आपल्या नरासाठी, दुसरं इतर माद्यांसाठी. नॉर्दर्न कार्डिनलची मादी तर घरट्यात बसल्या बसल्या गाते.

घरट्यात गाणं महागही पडतं. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरी-रेनच्या ज्या माद्या घरट्यातून जास्त गायल्या, त्यांची अंडी-पिल्लं शिकाऱ्यांच्या तोंडी जास्त गेली, असं २०१६ मध्ये दिसलं. तरीही ती गातेच.