कडीचा आवाज

"बेवड्याचं पोर, दुसरं काय होणार?" गेल्या आठवड्यात किराणा दुकानात हे ऐकलं आणि राहवेना. आनुवंशिकतेचा वाटा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून दारूच्या व्यसनात तो साधारण निम्मा निघतो. पण हा हिशेब समाजातल्या फरकांचा आहे, एखाद्या मुलाची कुंडली नव्हे. शिवाय चौदा-पंधराव्या वर्षी जे बिघडतं, ते मुलाने ग्लासला हात लावायच्या कितीतरी आधी बिघडतं. झोप जाते, अभ्यास जातो आणि स्वतःबद्दलचं मत पार खाली येतं.

हे समजून घ्यायला उंदरांचा एक प्रयोग फार उपयोगी पडतो. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जे वाइस यांनी उंदरांच्या शेपटीला विजेचे झटके दिले. दोन उंदरांना अगदी सारखेच झटके, एकाच वेळी. फरक एवढाच, की एकाला झटक्याआधी 'बीप' ऐकू येई, दुसऱ्याला काहीच कळत नसे. इशारा न मिळालेल्या उंदरांच्या जठरात कितीतरी जास्त जखमा सापडल्या. झटके तेवढेच होते! इशारा मिळणाऱ्या उंदराला एक गोष्ट ठाऊक होती: बीप वाजली नाही, तोवर आपण सुरक्षित आहोत. दुसऱ्याला असा एकही निवांत क्षण नव्हता.

आतलं यंत्र असं चालतं. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्याखालच्या पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो, पीयूषिका मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. रक्तातलं कॉर्टिसॉल पुरेसं वाढलं की तेच मेंदूत जाऊन हायपोथॅलॅमसला आणि पीयूषिकेला 'आता पुरे' म्हणतं. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा स्मृती सांभाळणारा भागही या लगाम घालण्यात मदत करतो. टाकी भरल्यावर फ्लोट नळ बंद करतो ना, तसंच. पण धोका कधी येईल याचा नेमच नसेल, तर निरोप पुन्हा पुन्हा जात राहतात आणि या फ्लोटचं काम बिघडू लागतं.

आता नववीतला एक मुलगा बघा. बाबा कधी वडापाव घेऊन हसत येतात, कधी ताट भिरकावतात. बीप नाही, म्हणून मुलगा स्वतःच बीप शोधतो. फाटकाच्या कडीचा आवाज, स्कूटर स्टँडवर लावायला किती वेळ लागला, जिन्यावर चप्पल घासतेय का. वहीवरचं पेन थांबलेलं असतं, कान दाराशी. शिक्षक म्हणतात, लक्ष नाही. लक्ष आहे, भरपूर आहे, ते दाराकडे आहे.

आणि माझ्या मते आत्मसन्मान इथेच ढासळतो. 'मला गणितात कमी पडले म्हणून बाबा प्यायले' हाही एक शोधलेला इशाराच. दोष आपला असेल तर उपायही आपल्या हातात असतो, असं मुलाला वाटतं. म्हणून ते बाटल्या लपवतं, जास्त शहाण्यासारखं वागतं, आणि बाबा पुन्हा प्यायले की हरल्याची खूणगाठ स्वतःवरच बांधतं.

'न सांगता दारू सोडवा' म्हणत पावडरी विकणारे, उतारे-गंडे देणारे याच असहायतेवर पोट भरतात. जेवणात गुपचूप काही कालवून व्यसन सुटत नाही. पावडरीत काय आहे हे ठाऊक नसताना ती कुणाला खाऊ घालणं धोक्याचंच. आणि आईने तसं करून उपयोग झाला नाही, की घरात आणखी एका अपयशाची भर.

हवाई बेटांपैकी काउआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांतल्या ४९ मुलांच्या घरी दारूचं व्यसन होतं. अठराव्या वर्षापर्यंत ४१ टक्क्यांना गंभीर अडचणी आल्या, ५९ टक्क्यांना आल्या नाहीत. दुकानातल्या त्या वाक्याला हे उत्तर पुरेसं आहे. काउआईच्या या सगळ्या अभ्यासात कठीण घरांतून सावरलेल्या मुलांच्या आसपास बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस सापडलं. आजी, शेजारीण, एखादी शिक्षिका.

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा संध्याकाळी सात ते नऊ आमच्याकडे अभ्यासाला बसतो. पहिले काही दिवस लिफ्टचं दार वाजलं की मान वर व्हायची. परवा लिफ्ट तीनदा वाजली, तो बीजगणिताचं उदाहरण सोडवत होता.