रॉब बरो, सात नंबर आणि 'रग्बी' या शब्दाचा घोळ

2 जून 2024 ला रॉब बरो गेला, इंग्लंडमधल्या लीड्सचा रग्बी खेळाडू, वय 41. लीड्समध्ये तेव्हापासून जे काही चाललं ते बघून बऱ्याच जणांनी विचारलं की एका खेळाडूसाठी एवढं? म्हणून ही थोडी मागची गोष्ट.

खेळाबद्दल जास्त सांगत बसत नाही. उंची जेमतेम पाच फूट पाच इंच, 2001 ते 2017 एकच क्लब, 492 मॅचेस, आठ वेळा लीगचं विजेतेपद, आणि 2011 च्या फायनलमधला तो ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणं), ज्यात समोरचे सगळे त्याच्यापेक्षा वीतभर तरी उंच होते आणि तो त्यांच्यातून सुळकन निघून गेला. ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायची गरज नाही.

रिटायर होऊन दोनच वर्षं झाली होती. बोलताना शब्द अडखळायला लागले आणि डिसेंबर 2019 मध्ये निदान झालं, मोटर न्यूरॉन डिसीज म्हणजे एमएनडी. वय 37, घरी तीन लहान मुलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात, मग हातपाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास, आणि हे सगळं होत असताना डोकं बहुतेकदा शाबूत असतं. निदान झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक दोन वर्षांत जातात. रॉब साडेचार वर्षं राहिला.

आजार जुनाच आहे. 1869 मध्ये पॅरिसच्या एका डॉक्टरने त्याचं नीट वर्णन केलं, अमेरिकेत त्यालाच एएलएस म्हणतात किंवा लू गेहरिगचा आजार, 1939 मध्ये भर स्टेडियममध्ये निरोप घेतलेल्या बेसबॉलपटूच्या नावावरून. तो गेला 2 जून 1941 ला. हो, तारीख तीच.

आता मुख्य घोळ. रॉब गेल्यावर प्रत्येक ठिकाणी तीन फोटो शेजारी शेजारी दिसायला लागले. 1995 चा रग्बी वर्ल्ड कप जिंकलेला साऊथ आफ्रिकेचा योस्ट व्हॅन डर वेस्टहाइझेन (2017 मध्ये एमएनडीनेच गेला), स्कॉटलंडचा तो उंच डॉडी वेअर (त्यालाही एमएनडी, नोव्हेंबर 2022 मध्ये गेला, रॉबला निदानानंतर भेटून धीर देणारा तोच), आणि रॉब. खाली ओळ ठरलेली: रग्बीवाल्यांना एमएनडीचा धोका 15 पट. पण हा 15 आला कुठून? ऑक्टोबर 2022 मध्ये एक अभ्यास आला, त्यात स्कॉटलंडकडून खेळलेले 412 माजी खेळाडू आणि तुलनेला सामान्य लोकांपैकी 1,236 जण होते. मेंदूच्या आणि नसांच्या अशा आजारांचा एकूण धोका साधारण अडीच पट निघाला आणि एमएनडीचा 15 पट. पण आजार मुळात दुर्मिळ, आयुष्यभरात साधारण 300 मधल्या एकाला होणारा, त्यामुळे चारशे लोकांत केसेस किती असणार, फारच थोड्या, आणि एखाददुसरी केस इकडची तिकडे झाली की तो आकडा लगेच हलतो. तेव्हाही काही तज्ज्ञांनी हे बोलून दाखवलं होतं, पण हेडलाईनमध्ये 15 च राहिला.

आणि दुसरं म्हणजे ते 412 जण 'रग्बी युनियन'वाले. रॉब 'रग्बी लीग'चा. आपल्याकडे दोन्हीला सरसकट रग्बी म्हणतात, तिकडेही पेपरवाले घाई असली की तेच करतात, पण हे दोन वेगळे खेळ आहेत. 1895 मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तर इंग्लंडचे वीसेक क्लब जमले आणि फुटून निघाले, भांडण होतं खेळापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही यावरून. पुढे लीगमध्ये 13 खेळाडू झाले, रक (जमिनीवरच्या चेंडूसाठीची रेटारेटी) वगैरे गेले, सहा टॅकलचा नियम आला, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा पकडून पाडलं की चेंडू समोरच्यांकडे. याचा अर्थ लीगमध्ये डोक्याला मार कमी लागतो असं मी म्हणत नाही, टॅकल तिथेही अंगावर येऊनच होतो. एवढंच म्हणतोय की एका खेळाच्या, एका देशाच्या, तेही इंटरनॅशनल खेळलेल्या लोकांचा आकडा उचलून दुसऱ्या खेळातल्या माणसाच्या फोटोवर चिकटवणं बरोबर नाही. खेळामुळे झालं का, हा प्रश्न खरा आहे आणि विचारायलाच हवा, पण त्याला उत्तर म्हणून हा आकडा फेकू नका.

बाकी रॉबला लोकांनी मनात जागा दिली ती 2020 नंतरच्या वर्षांमुळे, असं माझं मत. त्याने आजार लपवला नाही. व्हीलचेअर, सुकलेले हात, डोळ्यांनी चालणारा कॉम्प्युटर, सगळं कॅमेऱ्यासमोर. कॉम्प्युटरमधला आवाज जुन्या मुलाखतींमधून बनवलेला, त्याचाच, यॉर्कशायरच्या हेलासकट, आणि त्याच आवाजात डिसेंबर 2022 मध्ये त्याने टीव्हीवर लहान मुलांना झोपताना ऐकायची गोष्ट वाचून दाखवली. विनोदही चालूच होते.

आणि त्याचा जुना कॅप्टन, केविन सिनफिल्ड! डिसेंबर 2020 मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन, कारण रॉबच्या जर्सीचा नंबर सात. टार्गेट 77,777 पौंड होतं, जमले 20 लाखांच्या वर. पुढच्या वर्षी 24 तासांत लेस्टर ते लीड्स 101 मैल. मग मे 2023 मध्ये रॉबच्याच नावाची लीड्स मॅरेथॉन, कॅप्टनने पूर्ण 26 मैल त्याची खुर्ची ढकलली आणि शेवटच्या रेषेपाशी त्याला उचलून हातांवर घेऊन पलीकडे नेलं. तो व्हिडिओ बघून रडू आलं नाही असा माणूस मला तरी भेटलेला नाही.

म्हणून जून 2024 मध्ये रग्बी लीगची चॅलेंज कप फायनल दुपारी 3 ऐवजी 3 वाजून 7 मिनिटांनी सुरू झाली तेव्हा कुणाला का म्हणून विचारावं लागलं नाही. अंत्यसंस्कार 7 जुलैला, म्हणजे सातव्या महिन्याच्या सात तारखेला. लीड्समधल्या एमएनडी सेंटरसाठी 68 लाख पौंड गोळा करायची मोहीम त्याच्याच नावाने चालली होती, आणि त्या सेंटरसाठी पहिली कुदळ मारली गेली 3 जूनला, तो गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. तारीख आधीच ठरलेली होती. घरचे आले होते.