चिऱ्याची भोके आणि ज्वालामुखीची भीती

गोव्यातल्या घरांचा चिरा भोकाभोकांचा असतो, म्हणजे तो थिजलेला लाव्हाच असून आपल्या पायाखाली एखादा ज्वालामुखी निद्रिस्त असणार, असा समज तोंडोतोंडी फिरत आला आहे. तो निराधार आहे. चिरा म्हणजे जांभा. उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडकातील सिलिका आणि अन्य विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून जातात, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात, आणि तांबडा रंग येतो तो या लोहामुळेच. खाणीतून नुकताच काढलेला चिरा निरखल्यास भोकांत पिवळसर-पांढरी माती दिसते. ती धुऊन गेली की पोकळी उघडी पडते. लाव्हातील भोके मात्र वायूच्या बुडबुड्यांची असतात.

गोव्याच्या सत्तरी तालुक्याच्या सीमेकडे बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, आहे खरा, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांचा. भारतातील जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे आणि तिथे मनुष्यवस्ती नाही.

वस्तीला खरा धोका लाव्हाचाच, ही समजूतही अर्धवट. लाव्हा बहुधा इतका सावकाश सरकतो की माणसाला निसटता येते. जीव घेतात ते तप्त राखेचे लोट आणि चिखलाचे पूर. कोलंबियात १९८५ साली नेवादो देल रुईझचा उद्रेक तसा लहानच होता, पण वितळलेल्या बर्फाने उठलेला चिखल दऱ्यांतून उतरून सुमारे अडीच तासांनी आर्मेरो गावावर आला आणि २० हजारांहून अधिक माणसे दगावली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता.